जकात नाक्यामागचं बंदर

३० जून २०१७ च्या मध्यरात्री मुंबईच्या वेशीवरचे जकात नाके बंद झाले. वस्तू व सेवा कर लागू होण्याच्या आदल्या रात्रीची ही गोष्ट. त्याआधी कित्येक वर्षं मुलुंड चेकनाक्यावरची ट्रकांची रांग वागळे इस्टेटच्या लोकांच्या अंगवळणी पडली होती. पहाटेपासून खोळंबलेले ड्रायव्हर, बिलांची चळत घेऊन धावणारे दलाल, चहाच्या टपऱ्या, पंक्चरवाले, आणि माल नाक्यावर अडकला म्हणून तिकडे कारखान्यात रिकामी बसलेली पाळी. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. अवजड वाहनांचा मात्र चालूच राहिला. मालट्रकवाल्याला सूट सर्वांत शेवटी मिळते, हा या भागाचा फार जुना रिवाज आहे.

किती जुना, हे पाहायचं तर चेकनाक्याकडे पाठ करून खाडीकडे चालू लागावं. ठाणं हे बंदराचं शहर आहे असं परगावच्या पाहुण्याला सांगितलं, तर तो हसण्याचीच शक्यता जास्त. स्टेशनाबाहेर त्याला दिसतो रिक्षांचा गराडा, डोक्यावर सॅटिसचा पूल आणि समोर माणसांचा लोंढा. समुद्राचा वाससुद्धा नाही. होडीत बसायची हौस असेल तर तलावपाळीला जायचं, तिकीट काढायचं आणि मासुंदा तलावात चक्कर मारायची. पण या शहराचं आणि शेजारच्या कल्याणचं जुनं वैभव पाण्यावरून आलं. ते टिकलं ते माल पिकवण्यावर किंवा विणण्यावर जितकं, त्याहून जास्त माल अडवण्यावर. इथल्या राजांना, सुभेदारांना आणि कंपनी सरकारला एक गोष्ट नेमकी ठाऊक होती: घाटावरून समुद्राकडे आणि समुद्रावरून घाटाकडे जाणाऱ्याला इथून जाण्यावाचून गत्यंतर नाही.

नकाशा उघडला की हे लगेच कळतं. साष्टी हे बेट. त्याच्या पूर्वेला दक्षिणेकडून, मुंबई बंदराच्या बाजूने, ठाण्याची खाडी वर आलेली. उत्तरेला उल्हास नदी, जी वसईच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. ही दोन पाणी जिथे एकमेकांजवळ येतात, त्या कोपऱ्यावर ठाणं. उल्हासच्याच पाण्याने भरतीबरोबर आणखी आत गेलं की कल्याण. उघड्या समुद्रावर पावसाळ्यात गलबतं फुटायची, इतर वेळी चाचे लुटायचे. आत खाडीत वाऱ्यापासून आडोसा होता आणि भरती-ओहोटीचं गणित जाणणाऱ्या तांडेलाला दोन बाजूंनी समुद्र गाठता येत होता. कल्याणच्या मागे नाणेघाट, थळघाट आणि बोरघाटाच्या वाटा येऊन मिळत. पुढे १८५४ मध्ये रेल्वे कल्याणला पोहोचली आणि तिथूनच तिचे दोन फाटे झाले, एक कसाऱ्याकडून थळघाटात, दुसरा कर्जतवरून बोरघाटात. इंग्रज इंजिनिअरांनी वाफेचं इंजिन आणलं, पण रस्ता बैलांच्या तांड्यांनी आधीच दाखवून ठेवला होता.

कल्याणचा पहिला ठळक उल्लेख कौतुकाचा नसून तक्रारीचा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा अनामिक ग्रीक नाखव्याने ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ हा प्रवासदर्शक लिहिला. त्यात कल्याणचं नाव ‘कॅलिएना’ असं येतं. थोरल्या सारगनसच्या काळात ही रीतसर व्यापारपेठ होती, पण सांदारेसच्या ताब्यात गेल्यापासून व्यापाराची कोंडी झाली आहे, असं तो सांगतो. चुकून एखादं ग्रीक जहाज तिथे लागलंच, तर ते पहाऱ्यात बारिगाझाला, म्हणजे आजच्या भरूचला, नेलं जाई. सारगनस म्हणजे सातकर्णी, हे बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या चढाओढीत कल्याणचं बंदर कात्रीत सापडलं होतं. भरूच क्षत्रपांच्या हातात होतं, आणि व्यापार आपल्याच बंदरात उतरावा हा त्यांचा हट्ट. बंदर गाळानेच मरतं असं नाही, दुसऱ्याच्या हुकमानेही मरतं. ठाणे जिल्ह्याच्या इतिहासात हे पुढे पुन्हा घडणार होतं.

तरी कल्याणचे लोक गप्प बसले नव्हते. येऊरच्या डोंगरापलीकडे, आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांत दानाचे जे लेख आहेत, त्यांत कल्याणच्या माणसांची नावं पुन्हा पुन्हा भेटतात. त्यांत व्यापारी आहेत, सोनार आहे, लोहारही आहे. कुणी पाण्याचं टाकं खोदून दिलं, कुणी वाट बांधून दिली. राजाने दिलेल्या दानाचं अप्रूप नाही, तो देणारच. लोहाराने लेण्याला दान द्यावं आणि ते आपल्या गावाच्या नावासकट दगडावर कोरून घ्यावं, यावरून त्या गावात पैसा कसा खेळत असेल याचा अंदाज येतो.

हा पैसा कुठून वर चढत होता ते पाहायला नाणेघाटात जावं. कल्याणहून मुरबाडमार्गे माळशेजच्या रस्त्याने साठेक किलोमीटरवर वैशाखरे गाव लागतं. तिथून जंगलातून चढत जाणारी वाट पावसाळ्यात शनिवार-रविवारी ट्रेकर मंडळींनी गजबजलेली असते. बरेच जण येतात ते वाऱ्याने उलटं उडणारं धबधब्याचं पाणी पाहायला आणि फोटो काढून परततात. खरा ऐवज आहे तो घाटाच्या माथ्याजवळच्या गुहेत. सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला प्रदीर्घ लेख तिथल्या भिंतीवर आहे. त्यात यज्ञांची यादी आहे, आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाण्यांचे आकडे आहेत. भारतात अंकचिन्हांचा इतका जुना आणि भरघोस पुरावा क्वचितच मिळतो. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे कोरलेले होते, आता त्यांची नावं आणि पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. गुहेतून वर, घाटाच्या तोंडाशी, दगडाचा एक भलामोठा रांजण आहे. घाट चढून आलेल्या तांड्याने जकातीची नाणी त्यात टाकायची, असं परंपरा सांगते. रांजणाचा वापर खरोखर तसाच होत होता की नाही यावर वाद घालता येईल. पण घाटाच्या इतक्या अरुंद खिंडीत जकात घेतली जात नव्हती, असं मात्र कुणी म्हणू नये. यज्ञातल्या हजारो नाण्यांचा हिशेब कुठून तरी जमायलाच हवा होता.

सातवाहन गेले, कल्याणचं महत्त्व कमीजास्त होत राहिलं. सहाव्या शतकात कॉस्मस इंडिकोप्लेउस्टेस हा ग्रीक प्रवासी कल्याणच्या ख्रिस्ती वस्तीची आणि इराणातून नेमून आलेल्या बिशपची नोंद करतो. सातव्या शतकात ठाण्याचं नाव अरबांच्या इतिहासात येतं. ते येतं हल्ल्याच्या निमित्ताने. खलिफा उमर यांच्या काळात, इ. स. ६३६ च्या सुमारास, बहरीन-ओमानच्या सुभेदाराने ठाण्यावर आरमार धाडलं, असं बलाझुरी हा इतिहासकार लिहितो. खलिफाला ही स्वारी पसंत पडली नाही. माणसं अशी समुद्रावर लोटल्याबद्दल त्याने सुभेदाराला खरमरीत पत्र पाठवलं. अरबांना ठाण्याची वाट ठाऊक होती ती व्यापारामुळेच.

ठाण्याचे खरे दिवस शिलाहारांचे. नवव्या शतकापासून तेराव्या शतकाच्या मध्यापर्यंत उत्तर कोकणावर या घराण्याची सत्ता होती आणि श्रीस्थानक, म्हणजे ठाणं, हे तिचं केंद्र. शहरातले तलाव आणि देवळं त्यांच्या नावावर सांगितली जातात. त्यातलं किती खरं आणि किती अभिमानाचं, हे तपासणं अवघड आहे. ताम्रपट मात्र बोलतात. १७८७ मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात खोदकाम चालू असताना अरिकेसरी राजाचा शके ९३९ चा, म्हणजे १०१७ सालचा, ताम्रपट हाती आला. ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात त्याचं भाषांतर छापलं गेलं. भारतीय पुराभिलेखांचा अभ्यास बाळसं धरत होता त्या काळात ठाण्याने त्याला असा हातभार लावला.

त्याहून बोलका ताम्रपट सापडला तो खारेपाटणला. शके १०१६, म्हणजे इ. स. १०९४ च्या सुमाराचा, अनंतदेव शिलाहाराचा. राजाने भाभण श्रेष्ठी हा आपला अमात्य आणि त्याचा भाऊ यांच्या मालाला बंदरांवरची जकात माफ केली. कुठल्या बंदरांवरची? श्रीस्थानक, नागपूर, शूर्पारक, चेमुली आणि इतर. यातलं नागपूर विदर्भातलं नव्हे, कोकणातलंच. शूर्पारक म्हणजे सोपारा आणि चेमुली म्हणजे चौल. हा लेख दोनदा वाचावा असा आहे. जकात माफ केली हे ताम्रपटावर कोरून द्यावं लागलं, याचा अर्थ ती एरवी चुकत नव्हती. आणि माफी मिळाली कुणाला, तर श्रेष्ठी असून अमात्यही असलेल्या माणसाला. व्यापारी आणि मंत्री एकाच घरात असले की जकातीचं काय होतं, हे कळायला नऊशे वर्षं थांबायची गरज नव्हती.

या कमाईचं दगडी रूप पाहायचं तर अंबरनाथला जावं. ठाण्याहून लोकलने तासाभराच्या आतला प्रवास. वालधुनीच्या काठावरचं शिवमंदिर, आणि त्यावरचा शके ९८२ चा म्हणजे १०६० सालचा मम्वाणी राजाचा लेख. इथल्याच काळ्या दगडात, भिंतीचा एक कोपराही मोकळा न सोडता केलेलं ते काम आहे. आजूबाजूला वस्ती अंगावर आली आहे आणि वालधुनीच्या पाण्याकडे न पाहिलेलंच बरं. पण मंदिरासमोर दहा मिनिटं नीट उभं राहिलं की बंदरांवर किती माल उतरत असेल, याचा हिशेब मनात आपोआप सुरू होतो. शिलाहारांचा शेवटही पाण्यावरच झाला. यादवांच्या महादेवाने १२६५ च्या सुमारास शेवटचा राजा सोमेश्वर याचा पाडाव केला आणि सोमेश्वर समुद्रात बुडाला, असं हेमाद्रीने लिहून ठेवलं आहे. बोरिवलीत एकसर गावात जे वीरगळ आहेत, त्यांवर वल्ह्यांच्या जहाजांची लढाई कोरलेली आहे. काही अभ्यासक ती याच युद्धाशी जोडतात. कोकणात वीरगळ पुष्कळ आहेत, पण दगडावर असं आरमार दुसरीकडे सहसा आढळत नाही. गोराई-मनोरीला निघालेल्या पाहुण्याने वाट थोडी वाकडी करावी.

तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो ठाण्याबद्दल लिहितो तेव्हा इथला माल कोणता ते तो सांगतो: कातडं, सुती कापड, उदी रंगाचा धूप. बाहेरून सोनं, चांदी, तांबं येई. मग तो मजेशीर गोष्ट सांगतो. या राज्यातून चाचे समुद्रावर जातात आणि राजाचं त्यांच्याशी संगनमत आहे. लुटीतलं बाकी सगळं चाच्यांचं, घोडे मात्र राजाचे. भारतात चांगले घोडे निपजत नसत, अरबस्तान-इराणातून ते जहाजांनी येत आणि सोन्याच्या भावाने विकले जात. राजाला विकत घ्यायचे नव्हते, म्हणून त्याने ही तजवीज केली. पोलो याला राजाला न शोभणारं वर्तन म्हणतो. इथल्या दरबाराने कदाचित त्याला जकातीचाच एक प्रकार मानलं असेल. पुढच्या काळातही घोड्यांची ने-आण या खाडीवर चालू राहिली. उल्हासच्या मुखाकडे जाताना लागणाऱ्या घोडबंदरच्या नावात ती उरली आहे. तिथला पोर्तुगीज काळातला किल्ला डागडुजी झाल्यापासून पाहण्याजोगा झाला आहे. वरून खाडीचं वळण दिसतं आणि या पाण्यावर पहारा ठेवायला हीच जागा का निवडली, ते सांगावं लागत नाही.

१३२१ मध्ये ठाण्याच्या बंदरात एका भयंकर घटनेचा धागा थेट चीनपर्यंत गेला. होर्मुझहून निघालेले चार फ्रान्सिस्कन साधू, थॉमस, जेम्स, पीटर आणि डेमेट्रियस, ठाण्याला उतरले. जायचं होतं दूर पूर्वेला. इथल्या काझीशी धर्मावरून वाद झाला आणि स्थानिक अधिकाऱ्याच्या हुकमाने चौघांना ठार मारण्यात आलं. त्यांचा सोबती जॉर्डनस त्या वेळी गावाबाहेर असल्याने वाचला. थोड्याच काळाने ओडोरिक हा त्यांच्याच पंथाचा प्रवासी ठाण्यात आला, त्याने त्यांच्या अस्थी उचलल्या आणि जहाज बदलत चीनमधल्या झायतून बंदरापर्यंत नेल्या. आज ठाण्याहून नवी मुंबईला जायला लागणाऱ्या वेळेवर कुरकुरणाऱ्याने हा प्रवास नकाशावर बोटाने मोजून पाहावा.

सोळाव्या शतकात साष्टी आणि वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि वसुलीचं तंत्र पक्कं झालं. समुद्रावर फिरायचं तर त्यांचा कार्ताझ, म्हणजे परवाना, हवा. तो नसेल तर जहाज आणि माल दोन्ही जप्त. ठाण्यात त्यांनी चर्च बांधली, इथलं रेशमी कापड नावाजलं गेलं. तलावपाळीसमोरचं सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च १६६३ सालचं सांगितलं जातं. खाडीचं तोंड त्यांच्या हातात असताना पाठीमागे कल्याणला एक वेगळीच हालचाल सुरू झाली.

ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट शाळेत सगळ्यांनीच ऐकलेली असते. त्या गोष्टीच्या सावलीत खाडीवरची गोष्ट मात्र झाकून गेली. महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या किनाऱ्यावर लढाऊ गलबतं बांधायला घेतली. सह्याद्रीचं सागवान हाताशी होतं. कारागिरांच्या देखरेखीला रुय लैतांव व्हिएगस आणि त्याचा मुलगा फेर्नांव हे पोर्तुगीज होते. वीसेक जहाजं तयार होत असल्याची खबर १६५९ मध्ये वसईला लागली आणि तिथल्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांची झोप उडाली. ही जहाजं समुद्रात उतरणार कुठून? वसईच्या नाहीतर ठाण्याच्या पाण्यातून, म्हणजे त्यांच्या दारावरून. आज परवाना मागणारा उद्या परवाना देऊ लागेल, हा त्यांचा धसका. त्यांनी व्हिएगस मंडळींना आतून फोडलं आणि ते काम टाकून निघून गेले. गलबतं मात्र थांबली नाहीत. मराठी आरमाराची ही सुरुवात सिंधुदुर्गाच्या कितीतरी आधीची आहे. कल्याणला दुर्गाडीच्या टेकडीवर उभं राहिलं की खाली उल्हास दिसते, पूल दिसतात आणि नवी बांधकामं दिसतात. नौदलाच्या इतिहासात या काठाला जेवढं श्रेय द्यायला हवं, तेवढं टेकडीवरच्या फलकांतून काही मिळत नाही.

ठाण्याच्या किल्ल्याचं काम पोर्तुगीजांनी १७३० मध्ये काढलं. ते पुरं व्हायच्या आत, मार्च १७३७ मध्ये, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणं घेतलं. बांधकाम मराठ्यांनी तडीला नेलं. सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी १७६० मध्ये कोपिनेश्वराचं देऊळ बांधलं. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी किल्ल्याला वेढा घातला. त्यात मुंबईच्या आरमाराचा कमोडोर जॉन वॉटसन जबर जखमी होऊन मेला, आणि महिनाअखेरीला किल्ला पडला. साष्टीवाचून मुंबई म्हणजे दार नसलेलं घर, हे कंपनीला कळून चुकलं होतं. सालबाईच्या तहात, १७८२ मध्ये, साष्टी त्यांच्याकडे कायमची राहिली.

किल्ल्याचा तुरुंग झाला आणि आजही तो तुरुंगच आहे, त्यामुळे तट बाहेरूनच पाहायचा. पेशव्यांचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाच्या आरोपावरून इथे कैदेत होता. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई ठेवलेले, म्हणजे फितुरी नको. बाहेर एक मोतद्दार घोड्याला खरारा करता करता मराठीत गाणी म्हणत असे. गाण्यांतून तो पळण्याचा बेत सांगत होता, आणि गोऱ्या शिपायांना मराठी येत नव्हतं. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी निसटला. ही हकिगत बिशप हेबरने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवली आहे. १८२५ मध्ये तो ठाण्यातल्या सेंट जेम्स चर्चच्या समर्पणाला आला होता. याच तुरुंगात १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी दिलं गेलं.

बंदर असलेल्या गावात किती परींची माणसं मुक्कामाला येतात, ते ठाण्यात अर्ध्या दिवसात पायी पाहून होतं. कोपिनेश्वर, सेंट जॉन चर्च, टेंभी नाक्याजवळची १७८० च्या सुमाराची पारशी अग्यारी, १८७९ मध्ये बांधलेलं बेने इस्रायलींचं शार हाशामायिम सिनेगॉग आणि चेंदणीचा कोळीवाडा हे सगळं हाकेच्या अंतरावर. मधेच पोटपूजेला मामलेदार मिसळ आहे, तिखट सोसत नसेल तर आधीच सांगून ठेवावं. मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून इथे आहे. ठाण्याला सांस्कृतिक शहर म्हणताना लोक गडकरी रंगायतनाचं नाव आधी घेतात. ते १९७८ चं. अग्यारी त्याच्याहून दोनशे वर्षांनी थोरली.

१६ एप्रिल १८५३. बोरीबंदरहून साहिब, सिंध आणि सुलतान या इंजिनांनी चौदा डब्यांची गाडी ओढत ठाण्याला आणली. देशातली ही पहिली प्रवासी गाडी, आणि ठाण्याच्या अभिमानाचा विषय. तिचं स्वागत तंबूत मेजवानीने झालं. पण बंदराच्या दृष्टीने पाहिलं तर ती गाडी म्हणजे नोटीस होती. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, रूळ खाडी ओलांडून कल्याणला गेले. भिवंडीचा तांदूळ, घाटावरचं धान्य, कापूस, जे जे भरतीची वाट पाहत पडावांत भरलं जाई, ते हळूहळू वाघिणीत भरलं जाऊ लागलं. जहाजं मोठी झाली, त्यांना खोल पाणी हवं होतं आणि ते मुंबईत होतं. खाडी गाळाने भरत चालली होतीच. कॅलिएनाच्या बाबतीत भरूचने केलं, तेच ठाण्याच्या बाबतीत मुंबईने केलं. फरक इतकाच की या वेळी जहाजांवर पहारेकरी बसवावे लागले नाहीत.

खाडीवरचा व्यापार संपला तरी खाडीवरचं पोट संपलं नाही. विसाव्या शतकात मुंबईच्या इमारती उभ्या राहिल्या त्यात कळवा-मुंब्र्याच्या रेतीचा मोठा हिस्सा होता. रेतीबंदरला होड्या लागत, डुबी मारणारी माणसं बादली घेऊन तळाशी जात आणि दम सुटायच्या आत ओली रेती वर आणत. कानाचे पडदे फाटलेले, डोळे लाल झालेले हे कामगार कुठल्या गौरवग्रंथात सापडणार नाहीत. नंतर सक्शन पंप आले, मग न्यायालयाचे निर्बंध आले. आता त्या काठावर संध्याकाळी लोक फिरायला येतात.

आणि मग वागळे इस्टेट. १ ऑक्टोबर १९६० रोजी राज्याने औद्योगिक विकास मंडळ स्थापन केलं, १९६१ चा कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९६२ रोजी मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखाली इथेच, वागळे इस्टेटमध्ये, एका छोटेखानी समारंभात एमआयडीसीचा जन्म झाला. पुढे राज्यभर ज्या वसाहती पसरल्या, त्यांचं पहिलं पाऊल येऊरच्या पायथ्याशी पडलं. भाताची शेतं आणि माळ मोजून भूखंड पाडले गेले, रस्त्यांना नावं देण्याऐवजी आकडे दिले. आजही रिक्षावाल्याला ‘सोळा नंबर’ किंवा ‘बावीस नंबर’ एवढंच सांगितलं की पुरतं. घाटावरून आणि कोकणातून माणसं आली, किसननगर, इंदिरानगर, सावरकरनगरच्या चाळींत राहिली, भोंग्यावर घड्याळ लावू लागली. जागा इथेच का, याचं उत्तर शिलाहारांनाही देता आलं असतं. मुंबईच्या वेशीला लागून, पण वेशीबाहेर. मुंबईची बाजारपेठ आणि गोदी ट्रकने तासाभरावर, जमीन मात्र ठाण्याच्या भावाची. मध्ये फक्त नाका. त्या नाक्यावर दर खेपेला किती वेळ आणि किती पैसे जातात, याचा हिशेब इथल्या लघुउद्योजकांइतका कुणी काटेकोर ठेवला नसेल.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत एकेक कारखाना बंद पडत गेला. शेडच्या जागी काचेचे आयटी पार्क आले, बावीस नंबरजवळ पासपोर्ट कार्यालय आलं. ज्या गावातून ओडोरिक कुणालाही न विचारता चीनला गेला, तिथे आता परदेशी निघालेला जिल्हा सकाळी नंबर लावून उभा असतो. शेजारीच रायलादेवी तलाव, आणि त्यापलीकडे उपवनवरून येऊरची चढण. पहाटे तिथे चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची गर्दी असते. राष्ट्रीय उद्यानाच्या दारात वन खात्याची पावती फाडावी लागते. आत वारली पाडे, पावसाळ्यातले ओढे, मामा-भांजेचा डोंगर. या झाडीच्या पलीकडच्या उतारावर कान्हेरी आहे, कल्याणच्या लोहाराची.

खाडीकडे मात्र लोक पुन्हा वळले ते पक्ष्यांमुळे. बंदर निकामी करणारा गाळ फ्लेमिंगोंना मानवला. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलाच्या मैदानांतलं शेवाळ खायला हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत ते हजारोंनी उतरतात. ऑगस्ट २०१५ मध्ये खाडीचा सुमारे १,६९० हेक्टरचा पट्टा अभयारण्य म्हणून जाहीर झाला, २०२२ मध्ये तो रामसर यादीत गेला. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोट सुटते. तिची वेळ घड्याळावर ठरत नाही, भरतीवर ठरते. त्यामुळे जायच्या आधी भरतीचं वेळापत्रक पाहावं लागतं. तांडेल हेच करत.

सरकारलाही खाडी आठवली आहे. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा मार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ झाला. कोलशेत, काल्हेर, डोंबिवली अशा ठिकाणच्या धक्क्यांच्या योजना कधी वेगाने, कधी रेंगाळत चालल्या आहेत. याच पाण्याच्या पश्चिम टोकाला, भाईंदर आणि वसई यांच्यामध्ये, फेब्रुवारी २०२४ पासून रो-रो बोट सुरू झाली. घोडबंदरच्या रस्त्यावर कोंडीत अडकण्यापेक्षा दुचाकीवाले ती पसंत करतात. धक्क्यावर भाड्याचा फलक लावलेला आहे: माणशी वेगळा दर, दुचाकीला वेगळा, रिक्षा आणि मोटारीला त्याहून वेगळा.